२० व्हॉल्व्हचे हेड, १.८ टर्बो: व्हॉल्व्ह-स्प्रिंग बदलाच्या नोंदी (करासवाडा, म्हापसा)

गाडी: पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकी पाच व्हॉल्व्ह: तीन इनटेक, दोन एक्झॉस्ट. मूळ के०३ टर्बो काढून के०४ बसवलेला आहे. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) १.३ बार, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) कंपनीचेच. गाडी रोजच्या वापरातली आहे, ट्रॅकवरची नाही.

१४ जून २०२५

तक्रार एकच आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर ६२०० आरपीएमच्या पुढे इंजिन अडखळते. बूस्ट ०.९ वर आणला की त्याच आरपीएमला काही होत नाही.

आधी इग्निशनवर संशय घेतला. चार नवीन कॉइल, चार प्लग, गॅप ०.७ मिमी, खर्च ११,८०० रुपये. फरक शून्य. व्हीसीडीएस (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचे सॉफ्टवेअर) लावून मिसफायर मोजणारे ब्लॉक ०१५ आणि ०१६ बघितले, तर मिसफायर चारही सिलिंडरवर विखुरलेले. एकच कॉइल किंवा एकच इंजेक्टर खराब असता तर आकडे एका सिलिंडरवर जमले असते. हे ब्लॉक कॉइल विकत घेण्याआधी बघायला हवे होते.

२१ जून

कॉम्प्रेशन, गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा: १०.८, ११.०, १०.५, १०.९ बार. म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सीट (बंद व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) ठीक आहेत. संशय उरतो स्प्रिंगांवर.

हिशेब सोपा आहे. इनटेक व्हॉल्व्हचे डोके २७ मिमी, क्षेत्रफळ साधारण ५.७ चौरस सेंमी. १.३ बार बूस्ट त्याच्या पाठीवर बसला की सुमारे साडेसात किलोचा जोर व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने लागतो. एक्झॉस्टचे डोके ३० मिमी, म्हणजे ७ चौरस सेंमी. टर्बोमागचा दाब बूस्टच्या दीडपट धरला तर १४ किलो. हा जोर स्प्रिंगच्या बसत्या (व्हॉल्व्ह बंद असतानाच्या) ताकदीतून थेट वजा होतो. बूस्ट कमी केला की त्रास जातो, त्याचे कारण हेच.

ऑर्डर दिली: २० व्हॉल्व्ह (इनटेक स्टेनलेस, एक्झॉस्ट इन्कोनेल), २० स्प्रिंगा, स्टीलच्या टोप्या (स्प्रिंग वरून धरणाऱ्या), लॉक (टोपी व्हॉल्व्हच्या देठाला अडकवणारे तुकडे). टायटॅनियमच्या टोप्या मुद्दाम टाळल्या. वजन थोडे वाचते, पण रस्त्यावरच्या गाडीत वर्षानुवर्षे स्प्रिंग त्यांच्यावर घासत राहते आणि टायटॅनियम त्याला स्टीलइतके टिकत नाही. माल ८६,४००, सीमाशुल्क आणि कुरिअर ३७,२००. ब्राँझचे २० गाइड (व्हॉल्व्हचा देठ ज्यात सरकतो त्या नळ्या) वेगळे घेतले, १४,०००.

सुरुवातीचा एकूण अंदाज १,९०,००० रुपये आणि सहा आठवडे असा लिहून ठेवला आहे. पुढच्या नोंदी वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

१२ जुलै

माल आला. प्रत्येक व्हॉल्व्ह मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला. लांबी मूळ व्हॉल्व्हइतकीच आहे. लॉक मात्र वेगळे: मूळ व्हॉल्व्हच्या देठावरच्या खाचा आणि नव्यांच्या खाचा जुळत नाहीत. जुने लॉक नव्या व्हॉल्व्हवर हाताने बसल्यासारखे वाटतात, पण पूर्ण धरत नाहीत. दोन्ही एका डब्यात ठेवू नका. आम्ही जुने लॉक त्याच दिवशी तारेत ओवून बाजूला टांगले.

१३ जुलै

स्प्रिंगा तोलल्या. स्प्रिंग टेस्टर नव्हता, म्हणून पिलर ड्रिल आणि बाजारातला ६० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. काट्यावर जाड पोलादी पट्टी, तिच्यावर स्प्रिंग, ड्रिलच्या चकमध्ये गुळगुळीत गोल दांडा आणि ३३.० मिमीवर थांबणारा ठोकळा. अचूकता अर्धा किलो इकडेतिकडे, पण स्प्रिंगांची आपसात तुलना करायला ती पुरते.

किटच्या कागदावर ३३.० मिमीला ३१ किलो लिहिले आहे. अठरा स्प्रिंगा ३०.२ ते ३१.६ मध्ये आल्या. दोन २८.१ आणि २८.४. त्या दोन बाजूला काढल्या. अंतर १ मिमीने बदलले की ताकद साधारण ४ किलोने बदलते. हा आकडा पुढे शिमच्या (स्प्रिंगखाली घालायच्या पातळ चकत्यांच्या) वेळी लागणार आहे.

तोलण्याआधी स्प्रिंगा पेट्रोलने धुतल्या, कोरड्या पुसल्या आणि पुन्हा खोक्यात भरून फळीवर ठेवल्या. ही चूक होती. कशी ते १७ ऑगस्टच्या नोंदीत.

१९ जुलै

हेड उतरवले, दोघांना सात तास लागले. उतरवण्याची पायरीन् पायरी इथे देत नाही, ती कंपनीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेल्या किंवा बारीक अक्षरात दडलेल्या तीन गोष्टी:

दोन्ही कॅमना मागच्या बाजूने जोडणाऱ्या चेनचा टेन्शनर दाबून धरणारे हत्यार जपून घट्ट करा. जास्त पिळले की टेन्शनरच फुटतो आणि तो स्वस्त नाही.

कॅमच्या बेअरिंग कॅपा एकेक पूर्ण सोडायच्या नाहीत. सगळ्या अर्ध्या-अर्ध्या वळशाने, आळीपाळीने. नाहीतर स्प्रिंगांचा जोर एकाच कॅपवर येतो आणि कॅम वाकतो किंवा कॅप तडकते. कॅपांवरचे क्रमांक पुसट झाले असतील तर उतरवण्याआधीच पंचने खुणा करा.

ब्लॉक बिडाचा आहे. गोव्याच्या जुलैत उघडा पडलेला बीड एका रात्रीत तांबूस होतो. सिलिंडरच्या भिंती आणि वरचा चेहरा जाड तेलाने माखला, वर तेलात भिजवलेले फडके, वर प्लास्टिक. दर तीन दिवसांनी उघडून बघायचे ठरले.

२२ जुलै

हेड मोकळे केले. मधला इनटेक व्हॉल्व्ह खोल आणि अरुंद जागेत आहे, त्यामुळे साधा सी-आकाराचा स्प्रिंग दाबक तिथे टॅपेटच्या (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाटीच्या) भोकाच्या भिंतीला घासतो. एक ओरखडा पडलाच. हजारच्या पॉलिशपेपरने तेल लावून साफ केला आणि टॅपेट हाताने फिरतो का ते पाहिले. फिरला. त्यानंतर दाबकाच्या तोंडावर पातळ पितळी पत्रा गुंडाळून काम केले.

मोजमापे:
- हेडचा चेहरा (ब्लॉकवर बसणारी बाजू): सरळ पट्टी आणि फीलर गेजने सर्वाधिक ०.०५ मिमी. मर्यादा ०.१.
- गाइड: नवा व्हॉल्व्ह घालून, देठाचे टोक गाइडच्या टोकाशी आणून, डायल गेजवर हलवून पाहिले. इनटेकचे ०.४ ते ०.५, एक्झॉस्टचे ०.६ ते ०.७५. मर्यादा ०.८ मिमी. मर्यादेत आहेत, पण एक्झॉस्टचे काठावर. बदलायचेच होते.
- दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये दोन सीटांच्या मध्ये केसाइतकी तडा. या हेडात अशा तडा सर्रास दिसतात. ०.३ मिमीपर्यंत रुंद असेल तर हेड वापरता येते. आमची ०.१ च्या फीलरलाही जागा देत नाही.
- तीन नंबरच्या दोन्ही एक्झॉस्ट सीटांवर खड्डे पडलेले, बाकीच्यांवर नाहीत.
- जुन्या स्प्रिंगा त्याच काट्यावर त्यांच्या मूळ बसत्या उंचीला: १८ ते २० किलो. एक्झॉस्टवर १४ किलो वजा जाणार असतील तर हातात ४ ते ६ किलो उरतात. कोडे इथेच सुटले.

जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हबद्दल एक सूचना, आणि ही हसण्यावारी नेऊ नका. त्यांचे देठ पोकळ आहेत आणि आत सोडियम भरलेले आहे. भंगारवाला किंवा गॅरेजातला पोरगा त्याचा पंच किंवा छिन्नी करायला जातो. ग्राइंडरने देठ कापला आणि आतल्या सोडियमला पाणी लागले तर भडका उडतो. आठही व्हॉल्व्ह वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात ‘कापू नये’.

२६ जुलै

हेड, गाइड आणि नवे व्हॉल्व्ह कोल्हापूरला पाठवले, आंबोलीमार्गे, बसच्या पार्सलमधून. इथे गोव्यात डिझेलची हेडे उत्तम करणारे आहेत, पण ६ मिमी देठाचे वीस गाइड आणि तीन कोनांची सीट एकाच मशीनवर करून देणारा कोल्हापुरात सापडला. हेड लाकडी पेटीत, चेहरा थर्माकोलवर नव्हे, प्लायवर. थर्माकोलचे दाणे तेलाच्या वाटांत शिरतात.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिले: गाइडमधली मोकळीक इनटेक ०.०३५, एक्झॉस्ट ०.०५ मिमी. सीटचे कोन ३०-४५-६०. सीटची रुंदी इनटेक १.० ते १.२, एक्झॉस्ट १.५. एक्झॉस्टची सीट रुंद ठेवतात, कारण व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायची मुख्य वाट तीच आहे. चेहऱ्यावरून फक्त ०.०५ काढावे.

चिठ्ठीत एक आकडा लिहायचा राहिला. तो १४ सप्टेंबरला सापडेल.

१४ ऑगस्ट

हेड परत आले. मजुरी २२,५००. वाहतूक जाऊन-येऊन २,७००. काम दिसायला सुरेख आहे. निळा रंग लावून व्हॉल्व्ह फिरवले, वीसही सीटांवर अखंड, एकसारखी कडी उमटली. पोर्टमध्ये रॉकेल भरून अर्धा तास ठेवले, एकही थेंब गळला नाही.

१६ ऑगस्ट

धुणे. मशीनचा चुरा तेलाच्या वाटांत असतोच. गरम पाणी, साबण, बाटली धुण्याचे ब्रश, मग हवा, मग लगेच तेल. तीन वेळा. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग येणे थांबेपर्यंत धुणे संपले असे समजू नये.

१७ ऑगस्ट

स्प्रिंगा काढल्या आणि दोनवर नारिंगी ठिपके. पेट्रोलने धुऊन कोरड्या पुसलेल्या स्प्रिंगा, बोटांचा घाम, पाच आठवड्यांचा पाऊस आणि समुद्राची हवा. ठिपके घासून निघाले, पण भिंगाखाली खड्डे दिसतात. स्प्रिंग तुटते ती अशाच खड्ड्यापासून, आणि या इंजिनात तुटलेली स्प्रिंग म्हणजे पिस्टनवर आपटलेला व्हॉल्व्ह. दोन्ही बाद. आधीच्या कमजोर दोन धरून चार नव्या मागवल्या, ७,४०० रुपये. उरलेल्या सोळा इंजिन तेल भरलेल्या डब्यात बुडवल्या. हेच १३ जुलैला केले असते तर वीस रुपयांच्या तेलात काम झाले असते.

स्प्रिंगा येईपर्यंत बसती उंची मोजून घेतली. व्हॉल्व्ह, टोपी, लॉक लावायचे, स्प्रिंगच्या जागी उंचीचा मायक्रोमीटर. लक्ष्य ३३.०. सतरा जागी ३३.२ ते ३३.४ मिमी आली, म्हणजे ०.२ ते ०.४ चे शिम. एक नंबरच्या मधल्या इनटेकला ३३.०, शिम नको. तीन नंबरच्या दोन्ही एक्झॉस्टला मात्र ३४.१ आणि ३४.० मिमी. तिथे १.१ आणि १.० चे शिम मोजून बाजूला ठेवले.

वहीत या दोन आकड्यांभोवती गोल काढलेला आहे आणि पुढे काही लिहिलेले नाही. तेव्हा वाटले, शिम असतात ते यासाठीच.

२३ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर

चवथ. २७ तारखेला गणपती, गॅरेज बंद. काम शून्य. कोकणात आणि गोव्यात ऑगस्ट-सप्टेंबरच्या वेळापत्रकात हे बारा दिवस आधीच वजा करून ठेवा. सुटे भाग वेळेवर आले तरी बसवायला माणूस मिळत नाही.

६ सप्टेंबर

चार स्प्रिंगा आल्या. तोलल्या, ३०.६ ते ३१.२. सरळ तेलात.

७ सप्टेंबर

हेडची जोडणी. क्रम असा ठेवला: शिम, स्प्रिंगची खालची बैठक, मग ऑइल सील, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, टोपी, लॉक. सील बसवण्याआधी शिम टाकायचे विसरलात तर सील काढावे लागते, आणि काढलेले सील परत वापरता येत नाही. आमचे एक असे गेले.

सीलमधून व्हॉल्व्ह घालताना देठाच्या टोकावर प्लास्टिकची पातळ नळी चढवा. लॉकच्या खाचेची धार सीलचा ओठ कापते. महिनाभराने सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो, तेव्हा कारण शोधायला पुन्हा सगळे खोलावे लागते.

लॉक बसल्यावर प्रत्येक देठाच्या टोकावर लाकडी दांड्याने हलका ठोका. अर्धवट बसलेला लॉक तेव्हाच उडतो. एक उडाला, सापडायला वीस मिनिटे. हेडभोवती जुनी चादर पसरून ठेवली होती म्हणून सापडला.

पूर्ण उचलीवर स्प्रिंगच्या वेढ्यांत किती जागा उरते तेही पाहिले. एक्झॉस्टला एकूण १.७ मिमी, इनटेकला त्याहून जास्त. १ मिमीखाली गेले असते तर थांबलो असतो.

१३ सप्टेंबर

हेड इंजिनावर. बोल्टची भोके ब्लॉकमध्ये आंधळी आहेत. तळाशी कूलंट किंवा तेल साचले असेल तर बोल्ट पिळताना त्या द्रवाला जागा मिळत नाही आणि ब्लॉक तडकू शकतो. हवेने आणि फडक्याच्या वातीने दहाही भोके कोरडी केली. नवे बोल्ट, मधून बाहेर जाणारा क्रम, आधी टॉर्क, मग दोनदा पाव-पाव वळसा. वळशाच्या खुणा पांढऱ्या पेनाने केल्या.

कॅमची चेन: दोन्ही कॅमवरच्या खाचांमध्ये १६ रोलर यायला हवेत. आम्ही मोजले १६, टेन्शनर लावून पुन्हा मोजले तर १५. पहिल्या वेळी एका टोकाचा रोलर दोनदा मोजला होता. बेल्ट चढवण्याआधी लक्षात आले म्हणून अर्ध्या तासावर निभावले. मोजताना पहिल्या आणि सोळाव्या रोलरवर पेनाची खूण करा, बोटाने मोजू नका.

बेअरिंग कॅपांना फक्त १० न्यूटन-मीटर. चाकाच्या बोल्टचा मोठा टॉर्क पाना इतक्या खाली भरवशाचा नसतो. छोटा घ्या किंवा मागून आणा.

वीसही टॅपेट नवे, २२,०००. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, १६,२००. जुने चालले असते, पण हा पसारा पुन्हा काढायची इच्छा कुणालाच नव्हती. ते नशिबात होतेच, ही गोष्ट वेगळी.

१४ सप्टेंबर

टॅपेट बसवल्यावर किमान अर्धा तास इंजिन फिरवायचे नाही. नवे टॅपेट फुगलेले असतात, व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवतात, आणि लगेच स्टार्टर मारला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आम्ही रात्रभर ठेवले. सकाळी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवला, कुठे अडकला नाही.

कॉम्प्रेशन: १०.६, १०.९, २.१, १०.७.

पहिला अंदाज: तीन नंबरचे टॅपेट अजून बसले नाहीत. दुपारपर्यंत थांबलो. २.१. संध्याकाळी पुन्हा. २.१. सबंध दिवस या आशेत गेला. तीन नंबरमध्ये हवा भरली तेव्हा एक्झॉस्टमधून सरळ फुसफुस ऐकू आली. टॅपेट बसायची वाट बघण्यापेक्षा हे सकाळी आधी करायला हवे होते. दहा मिनिटांचे काम आहे.

मग वही उघडली आणि गोल केलेले ते दोन आकडे दिसले.

काय झाले ते असे. खड्डे पडलेल्या दोन सीट स्वच्छ होईपर्यंत कापल्या, त्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकला. व्हॉल्व्ह वर गेला की दोन गोष्टी एकदम होतात. स्प्रिंगला जास्त जागा मिळते, ती आम्ही जाड शिम टाकून भरून काढली. आणि देठाचे टोक कॅमच्या तितकेच जवळ जाते. त्याला शिम काही करू शकत नाही. हायड्रॉलिक टॅपेट दबून दबून तळाला लागतो, त्याच्यापुढे दबायला जागा नसते, आणि कॅमची उंचवट नसलेली बाजू सुद्धा व्हॉल्व्ह दाबून धरते. सीट कितीही चांगली असो, व्हॉल्व्ह बंदच होत नाही. रॉकेलच्या चाचणीत हे कळले नाही, कारण तेव्हा कॅम लावलेलेच नव्हते.

यासाठी कंपनीच्या पुस्तकात किमान अंतर दिलेले आहे, देठाच्या टोकापासून हेडच्या वरच्या कडेपर्यंत: बाहेरचे इनटेक ३४.० मिमी, मधला इनटेक ३३.७, एक्झॉस्ट ३४.४. आम्ही हे अंतर मोजले होते, फक्त एक नंबरच्या सिलिंडरवर. तिथे सगळे बरोबर होते. कोल्हापूरच्या चिठ्ठीत हा आकडा नव्हता. त्यामुळे सीट कापणाऱ्याचा दोष नाही. त्याला स्वच्छ सीट मागितली, त्याने स्वच्छ सीट दिली.

२० सप्टेंबर

हेड पुन्हा खाली. या वेळी पाच तास. डेप्थ गेजने वीसही टोके मोजली. तीन नंबरचे एक्झॉस्ट: ३३.६ आणि ३३.७. बाकीचे सहा एक्झॉस्ट ३४.४ ते ३४.६. इनटेक सगळे मर्यादेत, तीन नंबरचा मधला ३३.८, काठावर पण चालेल.

दोन वाटा होत्या. एक, देठाची टोके ०.८ मिमी घासायची. फुकट आणि एका तासाचे काम. पण टोकावरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की टॅपेट मऊ धातूवर घासत बसणार. शिवाय टोक लॉकच्या आणखी जवळ येते आणि टॅपेट टोपीलाच टेकायचा धोका. इंटरनेटवर लोक हे करतात. ०.१-०.२ साठी असेल तर आम्हीही केले असते.

दुसरी वाट, दोन्ही सीट रिंगा नव्या. जुनी रिंग कापून काढायची, भोक साधारण ०.१ मिमी घट्ट बसेल असे करायचे, हेड गरम आणि रिंग थंड करून बसवायची, मग सीट पुन्हा कापायची. ही निवडली. हेड पुन्हा कोल्हापूरला. या वेळच्या चिठ्ठीत पहिली ओळ मोठ्या अक्षरात: ‘एक्झॉस्ट, देठाचे टोक ते वरची कड, ३४.५ पेक्षा कमी नको.’

४ ऑक्टोबर

मध्ये दसरा आल्यामुळे चार दिवस जास्त गेले. रिंगा आणि काम ६,८००, वाहतूक पुन्हा २,७००. डेप्थ गेजवर ३४.७ आणि ३४.६. बसती उंची ३३.१ आणि ३३.२. शिम ०.१ आणि ०.२. आता हे दोन आकडे बाकीच्यांच्या रांगेत आले.

नवे हेड पॅकिंग आणि नवे बोल्ट, ७,९००. एकदा पिळलेले बोल्ट ताणलेले असतात, ते पुन्हा वापरले नाहीत.

५ आणि ११ ऑक्टोबर

जोडणी, दुसऱ्यांदा. हेड टेबलावर असतानाच कॅम आणि टॅपेट लावले, रात्रभर ठेवले, मग कॅम अशा स्थितीत फिरवला की एका सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतले. चारही सिलिंडर एकामागून एक. कॅम फिरवताना हेड ठोकळ्यांवर उचलून ठेवा, नाहीतर उघडणारे व्हॉल्व्ह टेबलावर टेकून वाकतात. गळती नाही. ही चाचणी सप्टेंबरमध्ये केली असती तर पॅकिंग, बोल्ट आणि एक महिना वाचला असता.

इंजिनावर बसवल्यावर कॉम्प्रेशन: १०.८, ११.०, १०.७, १०.८.

१२ ऑक्टोबर

फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, प्लग बाहेर ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. दहा सेकंद मारायचे, मिनिटभर थांबायचे. मग प्लग, फ्यूज, स्टार्ट. टॅपेटचा खडखडाट सुरू झाला. २५०० आरपीएमवर दोन मिनिटे धरले, आवाज विरत गेला. एक टॅपेट आणखी दहा मिनिटे टिकटिकत होता, नंतर तोही गप्प.

पहिले तेल २०० किमीला बदलले. फिल्टर कापून पाहिला: पितळी चमचम थोडी, ती गाइडची, अपेक्षित. लोखंडी काही नाही. चुंबक फिरवला तर स्वच्छ.

१९ ऑक्टोबर

५०० किमी झाले. वाड्यावाड्यांवर दिवाळीच्या नरकासुरांच्या पुतळ्यांची तयारी चाललेली, त्यामुळे पहाटे लवकर बाहेर पडून लॉग घेतला. टाकीत ९५ ऑक्टेन, बूस्ट १.३. तिसरा गिअर ६८०० पर्यंत: ब्लॉक ०१५ आणि ०१६ मध्ये चारही ठिकाणी शून्य. ब्लॉक ०२० मध्ये टायमिंग मागे घेणे चारही सिलिंडरवर ३ अंशांच्या आत. ६२०० ला जी अडखळ होती ती गेली.

रेव्ह लिमिट वाढवलेली नाही. स्प्रिंगा ७५०० झेलतील, पण या टर्बोची हवा ६५०० नंतर संपते. तिथे इंजिन फिरवून फक्त आवाज मिळतो.

८ नोव्हेंबर

१,२०० किमी. कॉम्प्रेशन १०.९, ११.०, १०.८, १०.९. सकाळच्या स्टार्टला धूर नाही. व्हॉल्व्ह कव्हर उघडून कॅमचे उंचवटे पाहिले, एकसारखे चमकदार, ओरखडा नाही. मागच्या अर्धचंद्र रबराजवळ तेलाचा बारीक ओघळ. चेन टेन्शनरखालचे पॅकिंग दोन्ही वेळा नवे घातले होते (दोन संच मिळून २,१००), पण कोपऱ्यांना सीलंट कमी पडले. पुढच्या तेलबदलाला कोपरे साफ करून पुन्हा लावायचे.

खर्चाचा उरलेला हिशेब: पहिला पॅकिंग संच आणि बोल्ट १३,५००, तेल आणि कूलंट दोन वेळचे मिळून ९,६००, हत्यारे ८,३००. सगळे धरून २,७१,१०० रुपये. त्यातले ४१,४०० निव्वळ चुकांचे: गरज नसलेल्या कॉइल आणि प्लग, गंजलेल्या व कमजोर स्प्रिंगांच्या बदल्यातल्या चार, दोन सीट रिंगा, दुसरे पॅकिंग आणि बोल्ट, दुसरी वाहतूक, दुसऱ्यांदाचे तेल-कूलंट. सहा आठवड्यांचे काम एकवीस आठवड्यांवर गेले.

पहिल्या चिठ्ठीची कार्बन प्रत गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे. तिच्यावर लाल पेनाने तीन आकडे: ३४.०, ३३.७, ३४.४.